बाबांच्या कपाळामागे

९ जानेवारी

प्रिय सशा,

काल तू बाबांशी बोललास, मग मला फोन करून नुसता रडलास आणि ठेवून दिलास. त्यानंतर मी लावलेला एकही फोन तू उचललेला नाहीस. नको उचलूस. मलाही लिहिलेलंच बरं पडतं. आपल्या घराच्या भिंती किती पातळ आहेत तुला ठाऊक आहे. मी फोनवर तुला काही विचारलं की त्याचं उत्तर आई स्वयंपाकघरातून देते.

रडता रडता तू एकच विचारलंस, "ताई, हे खरंच बाबा होते का?"

बाबाच होते. मी शेजारी उभी होते. हाताला साच्याचं ओलं प्लास्टर लागलेलं, एका कवळीचा साचा अर्धवट टाकून ते स्टुलावर बसले, आईच्या फोनमधून तुझा नंबर शोधला आणि लावला. मला वाटलं, दातांच्या डॉक्टरांना काहीतरी विचारायचं असेल. आणि मग ऐकलं, "सशा, मी चुकलो रे. लोकांसमोर तुझा असा पाणउतारा करायला नको होता. घरी ये. पोरीला घेऊन ये." शब्द न् शब्द असाच. नंतर तुझ्या पोरीशी बोलले. "दात पडला का गं तुझा? नाही अजून? पडला की आधी मला दाखवायचा. तस्साच बनवून देतो." फोन ठेवला आणि पुन्हा साच्याकडे वळले. कोपऱ्यावरून साखर आणायला सांगावी इतक्या सहजपणे.

हाच तो माणूस. तू बनवलेल्या कवळीचे वरचे-खालचे दात जुळले नाहीत म्हणून ती याने दातांच्या डॉक्टरांसमोर हातोडीने फोडली होती. "माणसाचा जबडा कळत नाही तुला. पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस" असं म्हणून तुझी पिशवी जिन्यात ठेवली होती. त्यानंतर तुझं नाव कधी काढलं नाही, आणि कुणी काढलं तर पॉलिशची मोटर सुरू करायचे.

तुला आधी कळवलं नाही, कारण मला वाटायचं, मी बोलले तर दृष्ट लागेल. वर्षाच्या वर होऊन गेलं, बाबा बदलत चाललेत. हसतात. शीळ घालतात. बसमध्ये शेजारच्या माणसाला त्याच्या आईची तब्येत विचारतात, ओळख ना पाळख. परवा दातांच्या डॉक्टरांना म्हणाले, "डॉक्टर, तुमचे दात अगदी खरे वाटतात हो. कुणाकडून बनवून घेतलेत?" डॉक्टर हसले नाहीत. बाबाच इतके हसले की त्यांना खोकला आला.

आईला तर काय सांगू. एकदा जेवता जेवता तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, तू इतकी छान दिसतेस, हे मला कुणी सांगितलं कसं नाही?"

आई म्हणाली, "चाळीस वर्षं समोर बसतेय. सांगायला दुसरं कोण येणार होतं?"

पण त्या आठवड्यात तिने केसांना रंग लावला. स्वयंपाकघरातलं तिचं अंथरूणही आत गेलंय. इतकी वर्षं ती तिथे का झोपायची हे आपण दोघांनी कधी विचारलं नाही, तसं ते आत का गेलं हेही मी विचारलं नाही.

मावशी म्हणते, वय झालं की दगडही झिजतो. आम्ही तेच मानून चाललोय. तूही मान आणि ये.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

सशा,

एप्रिलमध्ये सुट्टी काढून येतोस हे वाचून आईने ते पत्र दोन दिवस पदराला बांधल्यासारखं जवळ बाळगलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एप्रिल? एप्रिलपर्यंत मी काय करू?" आणि रुसून बसले, लहान पोरासारखे.

आता एक सांगते, ते आधी पूर्ण वाच आणि मग घाबर.

गेल्या मंगळवारी मी बाजारातून आले तर जिन्यातच जळका वास. कामाच्या खोलीत धूर कोंदलेला. दिव्यावर ठेवलेलं गुलाबी मेण उतू जाऊन टेबलाने पेट घेतला होता, आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून, गाणं म्हणत, एका साच्याची कड घासत होते. मी ओलं पोतं टाकलं. म्हटलं, "बाबा, वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला?"

कवळीच्या हिरड्या करायच्या गुलाबी भुकटीत मिसळायचं ते पातळ औषध आठवतं? बाटलीचं बूच काढलं की खोलीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. मी ती बाटली त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी मन लावून हुंगलं आणि म्हणाले, "पाणी आहे." वर मला डोळा मारला. मी चेष्टा करतेय असं वाटलं त्यांना.

नाकाच्या डॉक्टरांनी नाक तपासलं आणि डोक्याचा फोटो काढायला पाठवलं. त्या फोटोत गाठ दिसली. कपाळाच्या मागे, नाकाच्या वरच्या बाजूला, मोठ्या लिंबाएवढी. कर्करोग नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं. हळू वाढणारी जात आहे म्हणे, कित्येक वर्षं वाढत असणार.

पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. तोवर उगाच तर्क करत बसू नकोस.

आणखी एक. बाबांनी बनवलेल्या कवळ्या वर्षभर परत येताहेत. दात तिरके बसलेले, कडा राहिलेल्या. मी त्या आई झोपली की नीट करून पाठवत होते. त्यांना बोलावं असं एकदाही वाटलं नाही. इतके आनंदात असायचे. घरातला कुठलाही दुसरा माणूस असा वागला असता तर आम्ही त्याला केव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं. बाबा हसायला लागले आणि आम्ही देवाचे आभार मानत बसलो.

ताई


११ फेब्रुवारी

सशा,

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान आहेत. केस घट्ट बांधलेले, बोलणं थेट. बाबांनी खोलीत शिरल्याबरोबर त्यांना विचारलं, "एवढ्याशा हातांनी एवढी डोकी कशी उघडता?" त्या म्हणाल्या, "हळूहळू." बाबांना उत्तर फार आवडलं. मग त्यांना तपासणीला आत नेलं आणि आम्हा दोघींना पडद्यावर मेंदू दाखवला.

मला कळलं तेवढं लिहिते. मेंदूच्या पोटात, खोल, बदामाएवढा एक भाग असतो. भीती, संताप तिथून भडकतात. हवंसं वाटणं, आनंद, जवळीक यांच्याही आत आपापल्या जागा आहेत. पण यातलं काहीही जसंच्या तसं बाहेर येत नाही. कपाळामागचा भाग मध्ये बसलेला असतो. हे बोलायचं, हे गिळायचं, इथे हसायचं नाही, इथे हात लावायचा नाही, हे तो ठरवतो. गाठीने नेमका तो भाग खालून दाबत आणलाय. वास कळणाऱ्या नसा त्याच्या खालून जातात, म्हणून आधी वास गेला. बाईंचा शब्द होता, 'आवर'. आवर सुटलाय.

आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हे माझ्याशी गोड बोलतात, ते ही गाठ बोलते?"

"गाठ बोलत नाही, काकू. बोलतात तेच."

"पण गाठीमुळे."

"हो."

"आवर सुटला की माणसं शिव्या देतात, भांडी फेकतात. आमच्या समोरच्यांचे वडील तसे झाले होते. हे तर प्रेमळ झाले."

"काहींचं तसं होतं. यांचं असं झालं. का, ते मला सांगता येणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं तेच हे वाचताना तुझ्याही डोक्यात येणार. मी म्हटलं, "मग हे सगळं आतमध्ये होतंच ना? गाठीने नवीन काही आणलं नाही. फक्त झाकण निघालं."

बाईंनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "ब्रेक निकामी झालेली गाडी उतारावरून जाते. तिला तिकडेच जायचं होतं, असं म्हणाल का तुम्ही?"

मला राग आला. घरी येताना आई खिडकीकडे तोंड करून बसली. बाबा मात्र बसमध्ये सगळ्यांना सांगत होते, "माझ्या डोक्यात लिंबू आहे. सरबत करणार आहेत."

लोक हसले. मीही हसले. काय करणार?

ताई


२० फेब्रुवारी

सशा,

तुझं पत्र आलं. मी आईला वाचून दाखवलं नाही. त्यात काय आहे ते तिला न दाखवताच कळलं.

आता तूच बघ, इथे काय चाललंय. ऑपरेशन केलं नाही तर आधी एका डोळ्याची नजर जाईल, मग फिट्स, मग अंथरूण. डॉक्टरीणबाई वेळ सांगत नाहीत, पण फार नाही एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून समजतं. केलं तर गाठ पूर्ण निघण्याची आशा चांगली आहे. मी विचारलं, "नंतर ते कसे असतील?" त्या म्हणाल्या, "दाब निघाला की तो भाग पुष्कळदा सावरतो. म्हणजे पूर्वीसारखे होऊ शकतात."

त्यांनी हे आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. त्यांचा काय दोष? आपले पूर्वीचे बाबा त्यांना कुठे माहीत आहेत!

आई म्हणते, ऑपरेशन नको. पहिल्यांदा मला वाटलं, भीतीपोटी म्हणतेय. तसं नाही. काल कणीक मळावी इतक्या निवांतपणे भांडी पुसत मला म्हणाली, "मला हाच नवरा राहू दे. वर्ष तर वर्ष. त्यांची नजर गेली तर मी हात धरीन. अंथरुणात केलं तर धुवीन. आधीच्या माणसाचं तरी मी दुसरं काय केलं? आणि त्याने एकदाही बरं म्हटलं नाही."

"आई, अगं जीव जाईल त्यांचा."

"दोन्हीकडून जाणार आहे. तुम्ही फक्त कुठला ते ठरवताय."

खुद्द बाबांना विचारलं तर म्हणाले, "काढा की! भाडं न देता राहतंय." कागदावर सही करताना खाली फुलाचं चित्र काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांच्या संमतीबरोबर घरच्यांचीही हवी, कारण त्यांना गांभीर्य कितपत कळतंय याची खात्री नाही.

आणि तू लिहितोस, 'करून टाक ताई. मी त्यांच्याकडे येतोय, हार घातलेल्या फोटोकडे नाही. आणि ते आत होतंच, तर आवर परत आला म्हणून जाणार कुठे?' म्हणजे तू आणि मी एका बाजूला, आई दुसऱ्या. मी तुझ्या बाजूने सही केली. संध्याकाळी आईला सांगितलं. ती चिडली नाही. म्हणाली, "तुम्हा दोघांना बाप हवाय. घ्या."

परवा भरती करायचंय. आज दुपारी कामाच्या खोलीत मी मेण तासत होते. बाबा मागून आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा. म्हणाले, "तुझं लग्न मोडलं तेव्हा मी तुला एक शब्द विचारला नाही, बाळ. मला फार वाईट वाटलं होतं गं."

मी वळले नाही. वळले असते तर सही मागे घ्यावी लागली असती.

ताई


१ मार्च

सशा,

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ सगळी निघाली. डॉक्टरीणबाई खूश आहेत, आणि त्या सहज खूश होणाऱ्यांतल्या नाहीत. बाबा शुद्धीवर आहेत, आम्हाला ओळखतात, हातपाय हलवतात. डोक्याला भलंमोठं बांधलंय, दोन्ही डोळे सुजून काळेनिळे झालेत. बोलणं कमी आहे, पण एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर ते असणारच.

दातांचे डॉक्टर फुलं घेऊन आले होते. बाबांनी त्यांना विचारलं, "वरच्या जबड्याचे ते दोन साचे कुणाकडे दिलेत?" डॉक्टर बाहेर येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. आले परत."

आई दिवसभर तिथेच बसते. बरी आहे. सविस्तर नंतर लिहीन.

ताई


३० मार्च

सशा,

तुला वेळेवर उत्तर देता आलं नाही, त्याबद्दल रागावू नकोस. घरात फार काम पडतंय.

बाबा घरी आहेत. तब्येत झपाट्याने सुधारतेय. वास परत आला नाही, तो येणार नाही म्हणे, पण बाकी सगळं उत्तम. दुसऱ्याच आठवड्यात कामाच्या खोलीत जाऊन बसले. गेल्या वर्षभराच्या कवळ्यांचे साचे कपाटातून काढले, एकेक दिव्यापाशी धरून बघितले आणि फेकून दिले. आता नव्याने चालू आहे. हात पुन्हा पहिल्यासारखा झालाय. दातांचे डॉक्टर म्हणतात, इतकं बारीक काम या शहरात दुसऱ्या कुणाचं नाही.

मी काय म्हणते, तू एप्रिलचं एवढं पक्कं धरू नकोस. उन्हाळा फार असेल. पोरीला एवढा प्रवास झेपेल का? शिवाय घराचं रंगकाम काढायचा विचार चाललाय, सगळं सामान मधल्या खोलीत येणार, तुम्ही झोपणार कुठे? बाबांना दगदग नको असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. म्हणजे तसं काही म्हणाल्या नाहीत, पण आपल्यालाच समजायला हवं. पावसाळा सरल्यावर बघू.

फोनवर त्यांच्याशी बोलायचंय असं तू लिहिलंस. ते दिवसा कामात असतात आणि संध्याकाळी लवकर झोपतात. मी निरोप सांगते.

आई बरी आहे. केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलंय. रंग संपलाय, आणते म्हणाली होती, राहून गेलं असेल. स्वयंपाकघरात तिला बरं वाटतं, तिथे वारा येतो. म्हणून ती तिथे झोपते.

पोरीला माझे पापे.

ताई


१२ एप्रिल

सशा,

तू लिहिलंस, 'ताई, तुला धड खोटंही बोलता येत नाही. आम्ही शनिवारी येतोय. तिचा दात पडलाय, डबीत घालून बसलीय. घराला रंग असो नाहीतर घर पडलेलं असो.'

तेव्हा आता जे आहे ते लिहिते.

बाबा पूर्वीसारखे झालेत. तुला वाटेल, आजारपणामुळे जरा गप्प असतील. नाही. तू ज्या घरातून गेलास तेच घर आहे. त्यांनी जेवताना मान वर केलेली मी महिनाभर पाहिली नाही. घरी आले त्याच आठवड्यात आईने त्यांच्या हातावर हात ठेवला, तर त्यांनी तो उचलून टेबलावर बाजूला ठेवला. रागाने नाही. मिठाची वाटी सरकवावी तसा. आई उठली, अंथरूण गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात नेलं. मला म्हणाली, "सांगितलं होतं." त्यानंतर ती ऑपरेशनबद्दल काही बोलत नाही. माझ्याशी नीट वागते, आणि ते मला सहन होत नाही.

सोमवारी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक खेळ दिला होता. पडद्यावर हिरवं दिसलं की बटण दाबायचं, लाल दिसलं की हात आवरायचा. ऑपरेशनच्या आधी बाबा हिरवं, लाल सगळंच दाबत सुटायचे आणि जिंकलो म्हणून ओरडायचे. यावेळी एकदाही चूक केली नाही. शेजारची नर्स म्हणाली, तरुण मुलांनाही एवढं जमत नाही. बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आवर पूर्ण परत आलाय. याहून चांगलं मी काही करू शकले नसते." मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मग वाटलं, त्यांनी त्यांचं काम नीट केलंय. मी आभार मानले.

तरीही मला एक आशा होती. तीही सांगून टाकते. मला वाटलं, त्यांना ते वर्ष आठवतच नसेल. किंवा आठवत असेल आणि ते म्हणतील की तो मी नव्हतो. तसं म्हणाले असते तर मी तुला लिहिलं असतं, सशा, ते आजाराचं बोलणं होतं, विसरून जा. दोघे मिळून रडलो असतो आणि संपलं असतं.

म्हणून काल सकाळी, चहा दिल्यावर, मी कामाच्या खोलीतच थांबले. ते खालच्या जबड्याच्या साच्यावर मेणाचे दात लावत होते.

म्हटलं, "बाबा, सशाला फोन केला होता, आठवतं?"

"आठवतं."

"काय काय बोललात?"

"सगळं आठवतं."

"तो शनिवारी येतोय. मुलीला घेऊन."

त्यांचे हात थांबले. आधी कुणी तुझं नाव काढलं की ते मोटर सुरू करायचे. यावेळी नाही केली. म्हणाले, "त्याला सांग, तेव्हा मी आजारी होतो."

"म्हणजे ते मनातलं नव्हतं?"

त्यांनी साचा उचलून दिव्यापाशी धरला. मला वाटलं, आता नाही म्हणतील. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा नाही, एवढं एक म्हणा.

"माझ्याच मनातलं होतं," ते म्हणाले. "तो जिना उतरून गेला त्या दिवशीही आलं होतं. तुझं लग्न मोडलं त्या वेळीही. आजही येतं."

"मग?"

"मग काय? येतं, म्हणून सोडून द्यायचं का? वर्षभर सोडलं होतं मी. बसमधले लोक हसायचे मला. डॉक्टर तोंडावर सांभाळून घेत होते. हातून एक काम धड झालं नाही. भिकाऱ्यासारखा ज्याच्या त्याच्या पुढे मन पसरून बसलो होतो." एक दात उचलला, कोन बघितला, पुन्हा ठेवला. "आता थांबवता येतंय. सगळं परत ताब्यात येतंय."

"आमच्यापैकी कोण हसलं, बाबा? आई हसली का तुम्हाला? ती त्या वर्षात..."

"तुझ्या आईला काय हवं ते मला माहीत आहे."

"आणि देणार नाही."

"मला जमत नाही," ते म्हणाले. मग स्वतःच दुरुस्त केलं. बाबांनी कधी तिरका दात तसाच सोडलेला नाही. "जमतं. मी देत नाही."

सशा, समोर बसलेल्या माणसाला काही झालेलं नाही. कुठे गाठ नाही, कुठे दाब नाही. सगळे भाग आपापल्या जागी, धडधाकट, आपापलं काम करताहेत. आत वाटतं, ते त्याला कळतं, आणि कळत असताना तो ते मागे लोटतो. याच्यावर कुठल्या डॉक्टरांकडे जायचं?

मी म्हटलं, "तो दारात उभा राहील. नात समोर असेल. तेव्हा काय कराल?"

"म्हणून तर सांगतोय, येऊ देऊ नकोस. समोर आला तर फार जोर लावावा लागेल मला. आणि मी लावीन. मग त्या पोरीच्या देखत काय होईल ते तुला माहीत आहे."

एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि कप माझ्या हातात दिला.

मी रात्रभर विचार केला की तुला येऊ द्यावं. कदाचित तुला बघून त्यांचा जोर कमी पडेल. मग मला तू तेव्हा जिन्यात उभा होतास तसा दिसलास, पिशवी हातात, आणि शेजारी तुझ्या बोटाला धरलेली पोर. बाबा जे सांगतात ते करतात. त्यांनी आजवर कधी मोठं बोलून छोटं केलेलं नाही.

आईला विचारलं. ती म्हणाली, "नको येऊ देऊस. माझं काय, मला सवय आहे."

तेव्हा शनिवारची तिकिटं रद्द कर. सुट्टी काढलीच आहे तर पोरीला दुसरीकडे कुठेतरी घेऊन जा. तिने विचारलं तर सांग, आजोबांना बरं नाही.

ताई